अभाव निराळा, विरोध निराळा

कृत्रिम भाषेचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या मुद्रेवर एक ठराविक स्मित उमटते. त्यातून एस्पेरांतो ह्या भाषेचे नाव कोणी काढले, तर एक उदाहरण हटकून पुढे केले जाते. ह्या भाषेत ‘चांगला’ ह्या अर्थी ‘बोना’ असा शब्द आहे. ‘वाईट’ म्हणावयाचे झाल्यास त्याच शब्दामागे ‘माल’ हा उपसर्ग लावून ‘मालबोना’ असे म्हणावे लागते. मोठा तो ‘ग्रांदा’, लहान तो ‘मालग्रांदा’. तरुण तो ‘युना’, म्हातारा तो ‘मालयुना’. ‘ज्या भाषेस वाईटाला सरळ वाईट म्हणता येत नाही, ती भाषा बोलणाऱ्याच्या बुद्धीचे काय होईल?’ असा प्रश्न मग विजयी मुद्रेने विचारला जातो, आणि जॉर्ज ऑर्वेलच्या 1949 सालच्या कादंबरीतील नवभाषेचा दाखला देऊन चर्चा आटोपती घेण्यात येते. मराठी कानास तर आणखी एक करमणूक आहे. आपल्या बाजारात ‘माल’ म्हणजे जवळ असलेली वस्तू. ह्या गृहस्थांच्या भाषेत ‘माल’ जोडला, की होते तेही उलटे होते!

हा उपहास बराच जुना आहे. तो करणाऱ्यांत थोर भाषापंडित आहेत, कवी आहेत आणि केवळ ऐकीव माहितीवर बोलणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मते तो निराधार आहे. इतकेच नव्हे, तर ज्या एका बाबतीत ही भाषा आपल्या मातृभाषांस काही शिकवू शकेल, नेमक्या त्याच बाबतीत तिला हसण्याचा करंटेपणा त्यात आहे. ही बाब म्हणजे नसण्याचे प्रकार वेगळे ओळखण्याची.

एस्पेरांतोचा कर्ता लुडविक झामेनहोफ हा पोलंडातील बियालिस्तोक गावी 1859 साली जन्मलेला यहुदी, धंद्याने नेत्रवैद्य. त्याच्या गावात यिद्दिश, पोलिश, रशियन आणि जर्मन बोलणाऱ्या चार समाजांचे एकमेकांशी वाकडे होते, आणि ह्या वैराच्या मुळाशी भाषाभेद आहे, अशी त्या मुलाची समजूत झाली. समजूत भाबडी होती की काय, हा प्रश्न येथे नाही. सर्वांस सारखी परकी आणि सर्वांस सारखी सोपी अशी एक दुय्यम भाषा रचण्याचे त्याने शाळकरी वयातच मनावर घेतले. प्रचंड शब्दकोशाच्या ओझ्याने तो हताश झाला असता त्यास वाट सापडली ती रस्त्यावरील पाट्यांवरून. देवडीवाल्याच्या खोलीवरील पाटी आणि मिठाईवाल्याच्या दुकानावरील पाटी ह्या दोन्ही रशियन शब्दांच्या अखेरीस एकच प्रत्यय त्याच्या नजरेस पडला, आणि एका प्रत्ययाच्या साह्याने एका शब्दापासून अनेक शब्द पाडता येतात हे त्यास उमगले. 1887 साली वॉर्सा येथे त्याने आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात व्याकरणाचे नियम 16 आणि मूळ शब्द सुमारे 900 एवढाच संसार होता. ‘माल’ हा उपसर्ग ह्या काटकसरीचा सर्वांत मोठा आधार. शिकणाऱ्याने ‘लांब’ हा शब्द पाठ केला, की ‘आखूड’ त्यास फुकट मिळतो. गरम आला की थंड आला, जाड आला की बारीक आला.

येथवरची हकीकत आक्षेपकांस ठाऊक असते. पुढची मात्र ते पाहत नाहीत. ‘माल’ हा काही एकटा उपसर्ग नव्हे. त्याच्या जोडीस ‘ने’ आणि ‘सेन’ हे आणखी दोन आहेत, आणि तिघांची कामे निरनिराळी आहेत. ‘ने’ केवळ नाकारतो. ‘सेन’ म्हणजे वाचून, विना; तो अभाव सांगतो. ‘माल’ अभाव सांगतच नाही. तो विरुद्ध टोक दाखवितो. ‘हेल्पी’ म्हणजे मदत करणे. ‘ने हेल्पी’ म्हणजे मदत न करणे. स्वस्थ बसलेला मनुष्य तेवढेच करतो. ‘मालहेल्पी’ म्हणजे आडवे येणे, अडथळा करणे. ‘आमी’ म्हणजे प्रेम करणे. प्रेम न करणे ही एक गोष्ट आणि ‘मालआमी’, म्हणजे द्वेष करणे, ही अगदी दुसरी. जगातील बहुतेक माणसांवर आपले प्रेम नसते. म्हणून त्यांचा आपण द्वेष करतो असे नव्हे, आणि हा भेद ज्यास कळला त्यास शहाणपणाचा निम्मा धडा मिळाला.

संपत्तीचेच उदाहरण घ्या. ‘रीचा’ म्हणजे श्रीमंत. ‘नेरीचा’ म्हणजे जो श्रीमंत नाही तो. ह्या मासिकाचे बहुतेक वाचक आणि प्रस्तुत लेखक ह्या सदरात मोडतील. ‘मालरीचा’ म्हणजे गरीब. आणि ‘सेनहावा’ म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही असा, निष्कांचन. तीन उपसर्गांनी समाजाच्या तीन पायऱ्या दाखविल्या, आणि त्या दाखविताना कोणाविषयी तिरस्काराचा एक अणूही शब्दात मिसळला नाही.

आता ह्याच्याशेजारी आपली मराठी ठेवून पाहू. ‘बेकार’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. त्याचा मूळ अर्थ ‘कामावाचून असलेला’ एवढाच. परंतु आज आपण वाईट चित्रपटास बेकार म्हणतो, विटलेल्या भाजीस बेकार म्हणतो आणि ज्याची गिरणी बंद पडली त्या कामगारासही बेकारच म्हणतो. काम नसणे हे दुर्दैव. कसल्याच कामाचा नसणे हा दोष. दोहोंस एकच शब्द. ‘दरिद्री’ ह्या शब्दाची तीच गत : तो आर्थिक स्थितीचे वर्णन म्हणून जितका ऐकू येतो त्याहून अधिक शिवी म्हणून ऐकू येतो. ‘नादार’ म्हणजे फारसीत ज्याच्यापाशी नाही तो. आपल्याकडे नादार ठरणे म्हणजे दिवाळे वाजणे, अब्रू जाणे. आणि जुन्या शाळा-महाविद्यालयांतून फीमाफीस ‘नादारी’ म्हणत, तेव्हा हुशार पण गरीब मुलास वर्षारंभी आपली अब्रू अर्जावर लिहून द्यावी लागे. फीमाफीचे अर्ज तपासणाऱ्या एका समितीत मी बसलो असता एका मुलाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे ‘बेकार’ असे लिहिलेले निघाले. एक सदस्य हसून म्हणाले, ‘‘मुलगा प्रामाणिक दिसतो.’’ विनोद सर्वांस आवडला. मुलगा दाराबाहेर बाकावर बसलेला होता, आणि दार उघडे होते.

एस्पेरांतोमध्ये हा विनोद करता आला नसता. तेथे ‘लाबोरो’ म्हणजे काम. ज्यास काम नाही तो ‘सेनलाबोरा’. ज्यास काम करण्याची आवड आहे तो ‘लाबोरेमा’, आणि त्याच्या उलट जो, म्हणजे आळशी, तो ‘माललाबोरेमा’. अभावास ‘सेन’, दोषास ‘माल’. बेकार मनुष्य आणि आळशी मनुष्य ह्यांचे मूळ एकच असले तरी उपसर्ग निराळे असल्यामुळे पहिल्याविषयी बोलताना दुसऱ्याची छाया शब्दावर पडत नाही. हे सर्व झामेनहोफने जाणूनबुजून केले, असे मी म्हणत नाही. परंतु त्याच्या रचनेतून ते निघाले खरे. एका माणसाने टेबलाशी बसून रचलेल्या भाषेने जे साधले, ते कोट्यवधी लोकांनी शतकानुशतके बोललेल्या भाषांस साधू नये, ह्याचा विषाद कृत्रिम भाषेस हसणारांस का वाटू नये?

ह्यावर एक आक्षेप असा आहे की, जो वरवर पाहता फार सहृदय दिसतो. एस्पेरांतोमध्ये ‘साता’ म्हणजे पोट भरलेला. भुकेला तो ‘मालसाता’. निरोगी तो ‘साना’. आजारी तो ‘मालसाना’. आणि रुग्णालय म्हणजे ‘मालसानुलेयो’, अर्थात निरोग्यांच्या उलट जी माणसे त्यांची जागा. उजवा तो ‘देक्स्त्रा’ आणि डावा तो ‘मालदेक्स्त्रा’. आक्षेपक विचारतात, की ही धडधाकट, भरल्या पोटाच्या, उजव्या हाताने जेवणाऱ्या तरुण माणसाची भाषा नव्हे काय? भूक म्हणजे तृप्तीची उणीव नव्हे. भुकेला स्वतःचे अस्तित्व आहे, ती पोटात जळते. तिला स्वतःचे नावही मिळू नये?

प्रश्न मार्मिक आहे. परंतु तो विचारणारे ‘माल’ हा अभावाचा उपसर्ग आहे असे गृहीत धरूनच चालतात, आणि नेमके तेच खोटे आहे. ‘फेर्मी’ म्हणजे बंद करणे. उघडणे म्हणजे ‘मालफेर्मी’. आता उघडे दार हा बंद दाराचा अभाव मानावयाचा काय? ‘सेका’ म्हणजे कोरडा. ओला तो ‘मालसेका’. पाणी नसणे म्हणजे कोरडेपणा, हे शेंबडे पोरही सांगेल. तरी येथे नसण्यास मूळ शब्द मिळाला आणि असण्यास उपसर्ग. नागडा ह्यास ‘नुदा’ असा स्वतंत्र शब्द आहे. आंधळा, बहिरा आणि मुका ह्यांस ‘ब्लिंदा’, ‘सुर्दा’, ‘मुता’ असे तीन स्वतंत्र शब्द आहेत. भुकेला उपसर्ग, तर तहानेस ‘सोइफो’ हा स्वतःचा शब्द. तहान भुकेहून थोर असे झामेनहोफचे मत होते, असे कोणी म्हणणार आहे काय? मिठाच्या पाट्यावर दोन दगड पडले, त्यांतला एक उचलला आणि त्यास मूळ ठरविले, एवढाच हा प्रकार आहे. दोन टोकांपैकी कोणते मूळ धरावे हा सोयीचा प्रश्न. त्यातून जीवनदृष्टी काढू पाहणे म्हणजे तागडीच्या कोणत्या पारड्यात वजन ठेवले ह्यावरून वाण्याची जात ओळखण्यासारखे आहे.

आणि जीवनदृष्टी काढावयाचीच, तर मग ती आपल्याही भाषेतून काढली पाहिजे. आपण ‘निरोगी’ म्हणतो, ‘आरोग्य’ म्हणतो. म्हणजे आमचा मूळ शब्द रोग, आणि प्रकृती चांगली असणे हा त्याचा अभाव. भय मूळ, अभय साधित. हिंसा मूळ, अहिंसा साधित. मळ मूळ, निर्मळ साधित. दोष मूळ, निर्दोष साधित. मृत्यूवाचून अमृताचे नावही घेता येत नाही. वरील न्यायाने पाहू गेल्यास आमचे पूर्वज सदैव आजारी, भित्रे आणि मळलेले होते असे म्हणावे लागेल! इंग्रजीचा कल ह्याच्या उलट. तेथे सुखी ह्यास नकार जोडून दुःखी करता येतो, परंतु दुःखी ह्यास नकार जोडून सुखी करण्याची वहिवाट नाही. ह्यावरून इंग्रज अधिक सुखी ठरत नाही. एस्पेरांतोमध्ये तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत : धैर्य हे मूळ धरून भित्र्यास ‘मालकुराजा’ म्हणावे, किंवा भय हे मूळ धरून निर्भयास ‘सेंतिमा’ म्हणावे. दोन्ही शब्द चालतात आणि दोहोंच्या छटा वेगळ्या आहेत.

येथे संस्कृत व्याकरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपल्या ‘अ’ ह्या एका नकारावर, शास्त्रकारांच्या भाषेत नञ् वर, जुन्या वैयाकरणांनी सहा अर्थांचा भार टाकलेला आहे : सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पता, निंद्यता आणि विरोध. ‘अपाप’ ह्यात पापाचा अभाव आहे. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून निराळे काहीतरी. ‘अनुदरा’ म्हणजे जिला पोटच नाही अशी नव्हे, तर बारीक कंबरेची मुलगी. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, धर्माशी उभे वैर. ह्या सहांतून कोणता अर्थ घ्यावयाचा ते प्रसंगावरून ओळखावे. ओळखणे पंडितास जमते. परक्या मुलखातील शिकणाऱ्याने काय करावे? झामेनहोफने हे एकाच गड्याच्या डोक्यावरचे ओझे तिघांस वाटून दिले. ‘आमीको’ म्हणजे मित्र आणि ‘मालआमीको’ म्हणजे शत्रू, हे ऐकून ज्यांस हसू येते त्यांनी संस्कृतातील ‘अमित्र’ शब्द आठवावा. त्याचाही अर्थ मित्र नसलेला असा नव्हे, शत्रू असाच आहे. झामेनहोफच्या आधी काही वर्षे श्लायर नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने ‘फोलाप्यूक’ ही भाषा रचली. तीतही ‘फ्लेन’ म्हणजे मित्र आणि ‘नेफ्लेन’ म्हणजे शत्रू. फ्रान्समध्ये सूद्र नावाच्या संगीतज्ञाने त्याहीपूर्वी सात स्वरांची भाषा केली होती. तीत शब्द उलटा म्हटला की अर्थ उलटा होई. ‘दो-मी-सोल’ म्हणजे ईश्वर आणि ‘सोल-मी-दो’ म्हणजे सैतान. ह्यास मी मात्र हसतो, कारण गाणाऱ्याचा सूर चुकला म्हणून धर्म बुडू नये.

नैसर्गिक भाषा ह्या बाबतीत काय काय करतात ते पाहिले, म्हणजे कृत्रिमपणाचा आरोप कोणावर करावा हेच कळेनासे होते. ‘असुर’ हा जुना शब्द. ऋग्वेदात तो वरुणासारख्या देवतांनाही गौरवाने लावलेला आहे. पुढे लोकांस त्यातील ‘अ’ नकारार्थी भासला, तो त्यांनी कापून टाकला, आणि उरलेल्या ‘सुर’ ह्या तुकड्यास देव असा अर्थ दिला. काळा ह्या अर्थाच्या ‘असित’ शब्दातून पांढरा ‘सित’ असाच जन्मला. सर्वांत बोलके उदाहरण ‘विधवा’ हे. लॅटिनमधील ‘विदुआ’, रशियनमधील ‘व्दोवा’ आणि इंग्रजीतील ‘विडो’ ह्यांचे आणि ह्या शब्दाचे कूळ एक. त्यात ‘वि’ हा उपसर्ग वेगळा काढता येत नाही. परंतु आपल्याकडे ‘वि’ म्हणजे वाचून असा अर्थ करून ‘धव’ म्हणजे नवरा असा शब्द मागाहून तयार करण्यात आला. म्हणजे अभाव आधी, वस्तू नंतर! हे लोकांनी केले म्हणून नैसर्गिक. एकट्या माणसाने नियम सांगून केले असते तर त्यास आपण वेडा म्हटले असते.

ऑर्वेलचा दाखला ह्याहूनही दुबळा आहे. त्याच्या कादंबरीतील नवभाषेत ‘वाईट’ हा शब्द रद्द करून ‘न-चांगला’ असा शब्द ठेवलेला आहे आणि तेथील शब्दकोश वर्षानुवर्षे बारीक होत जातो, हे खरे. ऑर्वेलची मावशी नेली लिमूझिन ही लांती ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रमुख एस्पेरांतोवाद्याबरोबर पॅरिसमध्ये राहत असे. तेव्हा ही भाषा त्याच्या कानांवरून गेली होती, हेही खरे. परंतु त्या कादंबरीतील पाप उपसर्गाचे आहे की दंडुक्याचे? नवभाषेत दुसरा शब्द वापरणे हा गुन्हा आहे. एस्पेरांतोमध्ये ‘मालबोना’ न आवडणाऱ्या एकाने ‘मावा’ असा स्वतंत्र शब्द काढला. त्यास कोणी तुरुंगात टाकले नाही, केवळ फारसा कोणी वापरला नाही. आणि प्रत्यक्ष इतिहासातील हुकूमशहांचे ह्या भाषेविषयी मत काय होते? हिटलरने आपल्या ग्रंथात तिला यहुद्यांच्या कारस्थानाचे साधन म्हटले, आणि 1936 साली जर्मनीतील तिच्या संस्था बंद करण्यात आल्या. स्टालिनच्या राज्यात 1937-38 मध्ये एस्पेरांतोवाद्यांची धरपकड झाली आणि कित्येकांस गोळ्या घालण्यात आल्या. झामेनहोफ स्वतः 1917 सालीच वारला होता. त्याचा मुलगा आदाम ह्यास 1940 साली जर्मनांनी गोळी घातली, आणि सोफिया व लिदिया ह्या दोन्ही मुली 1942 मध्ये त्रेब्लिंका येथील छावणीत मारल्या गेल्या. ज्या भाषेचे पुरस्कर्ते हुकूमशहांनी वेचून मारले, त्या भाषेस हुकूमशहाची भाषा म्हणून हिणविणे हे निदान वाचणाऱ्या माणसास शोभत नाही.

ह्याचा अर्थ रचना निर्दोष आहे असा नव्हे. आई ह्या शब्दाकरिता बापास स्त्रीप्रत्यय लावून ‘पात्रीनो’ करणे, हा तिचा दोष मला कबूल आहे. तेथे आक्षेपकांशी माझे भांडण नाही. आणि आपल्या विषयापुरता तिचा खरा तोकडेपणा निराळ्याच ठिकाणी आहे. वैशेषिकांनी अभावाचे प्रकार पाडताना वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव आणि ती नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, असे दोन वेगळे सांगितले. ‘सेन’ ह्यास हा भेद कळत नाही. ‘सेनएद्जा’ म्हणजे नवऱ्यावाचून असलेली. ती अविवाहित आहे की तिचा नवरा गेला, हे उपसर्ग सांगू शकत नाही. ‘सेनहारा’ म्हणजे केसांवाचून. नुकते जन्मलेले मूल आणि त्याचे आजोबा दोघेही तसेच. गमावण्याला इतिहास असतो, नसण्याला तो नसतो. म्हणूनच झामेनहोफला विधुरासाठी ‘विद्वो’, पोरक्यासाठी ‘ओर्फो’, टकल्यासाठी ‘काल्वा’ असे मूळ शब्द घ्यावे लागले; उपसर्गांच्या ह्या शिल्पकारास दुःखाच्या दारात उपसर्ग बाहेर ठेवून जावे लागले. आक्षेपकांनी बोट ठेवावयाचे तर ते येथे ठेवावे. ते ठेवीत नाहीत, कारण येथवर येण्याइतकी ही भाषा त्यांनी पाहिलेली नसते.

झामेनहोफने केलेला भेद पुढील रचनाकारांस सोडून देण्यासारखा वाटला नाही. तर्कशास्त्राच्या पायावर ‘लोजबान’ ही भाषा 1987 पासून उभी राहिली, तीत एकाच गुणाच्या मापावरील तीन ठिकाणे दाखविणारे तीन शब्द आहेत : ‘नाहे’ म्हणजे त्याहून निराळे, ‘नोहे’ म्हणजे इकडेही नाही आणि तिकडेही नाही असे मधले, ‘तोहे’ म्हणजे अगदी उलट टोकाचे. ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसास ‘नोहे’ पाहून क्षणभर आपलेपणा वाटेल; पण तो निव्वळ योगायोग आहे. महत्त्वाचे हे, की सुंदर नाही, सुंदरही नाही आणि कुरूपही नाही, आणि कुरूप आहे, ह्या तीन गोष्टी तीन म्हणूनच बोलल्या जाव्यात अशी गरज शंभर वर्षांनंतरच्या तर्कज्ञांसही भासली.

आता राहिले सुधारक आणि कवी. 1907 साली पॅरिसमध्ये एक समिती बसली. फ्रेंच तत्त्वज्ञ कुतुरा हा तिचा प्राण होता आणि डॅनिश भाषापंडित येस्पर्सन हाही तीत होता. तिच्या चर्चेतून ‘इदो’ नावाची सुधारलेली एस्पेरांतो निघाली. ‘माल’ म्हणजे फ्रेंचांच्या कानास ‘वाईट’; म्हणून तो उपसर्ग काढून ‘देस’ घालण्यात आला आणि पुष्कळशा जोड्यांतील दुसऱ्या शब्दास लॅटिन वळणाचा स्वतंत्र शब्द देण्यात आला. डावा ‘सिनिस्त्रा’ झाला. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश माणसास ह्यात सुख वाटले असेल. खुद्द एस्पेरांतोतही कवींनी हाच उद्योग चालविला. हंगेरीचा कालोचाय आणि फ्रान्सचा वारेंग्येन ह्यांच्या 1932 सालच्या काव्यविषयक ग्रंथात अशा नव्या शब्दांची यादीच आहे. म्हाताऱ्यास ‘ओल्दा’, थंडास ‘फ्रीदा’, आखुडास ‘कुर्ता’, दुःखितास ‘त्रीस्ता’. ‘मालगाया’ ह्या तीन अवयवांच्या शब्दाने ओळीचा तोल जातो, ही त्यांची तक्रार. पुढे क्लोद पिरों ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1989 साली ‘ला बोना लिंग्वो’ हे पुस्तक लिहून ह्या सर्व आयातीविरुद्ध आवाज उठविला. भाषेचे सामर्थ्य शब्दांच्या संख्येत नसून जोडणीत आहे, हे त्याचे म्हणणे.

मी पिरोंच्या पक्षाचा आहे, आणि त्यास कारण आपल्यासारख्यांच्या हिताचे आहे. ‘त्रीस्ता’ हा शब्द पॅरिसच्या पोरास शिकावा लागत नाही; तो त्याच्या घरातला आहे. ‘ओल्दा’ इंग्रजाच्या आणि ‘फ्रीदा’ इटालियनाच्या घरातला आहे. नागपूरच्या, कोचीनच्या किंवा क्योटोच्या मुलास मात्र असा प्रत्येक शब्द घोकावा लागतो, आणि ज्या भाषेने सर्वांस सारखे कष्ट पडावेत म्हणून जन्म घेतला तिच्यात युरोपाच्या दाराने पुन्हा एक सवलत आत शिरते. एस्पेरांतोचे मूळ शब्द बहुतेक युरोपीय आहेत, हा तिच्यावरील खरा आरोप; त्या आरोपाची धार कमी करणारी जी काही साधने तिच्यापाशी आहेत त्यांत ‘माल’, ‘ने’ आणि ‘सेन’ ही अग्रगण्य होत. कारण शब्द परके असले तरी जोडणी कोणाचीच परकी नाही. ‘अमित्र’ आणि ‘अधर्म’ म्हणणाऱ्या आपल्या मुलांस तर ती घरचीच वाटावी. कवीस आपल्या वृत्तासाठी ‘त्रीस्ता’ हवा असेल, तर तो त्याने खुशाल वापरावा. कवींस असे लाड सर्वच भाषांनी पुरविले आहेत. मात्र शिकणाऱ्याच्या हाती जे पहिले पुस्तक पडते त्यात ‘मालगाया’ हाच शब्द असावा, आणि त्याच पानावर ‘सेनलाबोरा’ आणि ‘माललाबोरेमा’ हे दोन शब्द शेजारी शेजारी छापलेले असावेत.